विश्लेषण : मुंबईएवढ्या बोर्नहोम बेटावर रशियापासून नाटोपर्यंत सगळ्यांचं लक्ष का?

डेन्मार्क आणि बेट हे दोन शब्द एकत्र आले की सध्या सगळ्यांना ग्रीनलंड आठवतं. डोनाल्ड ट्रम्प यांना ते हवंय, डेन्मार्क द्यायला तयार नाही आणि त्यावरून बातम्या थांबत नाहीत. पण डेन्मार्कचं आणखी एक बेट आहे. ग्रीनलंडशेजारी ठेवलं तर ठिपक्याएवढं दिसेल, पण युरोपच्या सुरक्षेच्या चर्चेत त्याचं नाव वारंवार येतं. ते म्हणजे बोर्नहोम.

२०२२ मध्ये नॉर्ड स्ट्रीम गॅस पाइपलाइन फुटली, ती याच बेटाजवळच्या समुद्रात. १९४५ मध्ये बाकीचा डेन्मार्क मुक्तीचा आनंद साजरा करत होता, तेव्हा याच बेटावर सोव्हिएत बॉम्ब पडत होते. आणि ८० वर्षांपूर्वीच्या एका पत्रव्यवहाराचा दाखला देऊन ‘इथे परदेशी सैनिक आणायचे नाहीत’ असं रशिया आजही डेन्मार्कला सुनावतो.

एवढ्याशा बेटात असं आहे तरी काय?

बोर्नहोम नेमकं कुठे आहे?

बाल्टिक समुद्रात. बेटाचं क्षेत्रफळ ५८८ चौरस किलोमीटर. मुंबई शहर आणि उपनगर मिळून जेवढा भाग होतो, जवळपास तेवढंच. फरक लोकसंख्येत आहे. बोर्नहोमवर राहतात जेमतेम ३९ ते ४० हजार माणसं. त्यातली एक तृतीयांश रोने या मुख्य शहरात.

नकाशा पाहिला की पहिला प्रश्न पडतो, हे बेट डेन्मार्कचं कसं? कोपनहेगन इथून साधारण १५० किलोमीटर लांब आहे. स्वीडनचा किनारा मात्र ४० किलोमीटरवर. दक्षिणेला जर्मनी आणि पोलंडचे किनारे, तेही शंभरेक किलोमीटरच्या आसपास. पूर्वेला अंदाजे ३५० किलोमीटरवर कालिनिनग्राड, म्हणजे रशियाचा मुख्य भूमीपासून तुटलेला आणि शस्त्रसज्ज तुकडा.

कोपनहेगनहून बोर्नहोमला जाणारे अनेक जण आधी पूल ओलांडून स्वीडनमध्ये जातात आणि तिथल्या इस्टाड बंदरातून फेरी पकडतात. फेरीला साधारण ८० मिनिटं लागतात. स्वतःच्या देशातल्या बेटावर जायला वाट मात्र दुसऱ्या देशातून!

जमीनही बाकीच्या डेन्मार्कपेक्षा वेगळी आहे. डेन्मार्क म्हणजे सपाट माती. बोर्नहोमच्या उत्तर भागात मात्र ग्रॅनाइटचे कडे थेट समुद्रात उतरतात. दक्षिण टोकाला दुओद्देचा किनारा आहे. तिथली पांढरी वाळू इतकी बारीक की एके काळी ती वाळूच्या घड्याळांत भरायचे.

जागेचं महत्त्व एवढं का?

रशियाची सेंट पीटर्सबर्गकडची बंदरं, फिनलंड, एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनिया या सगळ्यांची जहाजं अटलांटिककडे निघाली की त्यांना बाल्टिकच्या पश्चिम टोकाकडे यावं लागतं. त्यातली बरीचशी बोर्नहोम आणि स्वीडन यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्ट्यातून जातात. या पट्ट्यातली वाहतूक इतकी दाट आहे की जाणाऱ्या-येणाऱ्या जहाजांसाठी रस्त्यासारख्या वेगळ्या लेन आखून दिल्या आहेत.

इथे भारताचाही संबंध येतो. युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर भारतीय रिफायनऱ्यांनी रशियन तेलाची खरेदी प्रचंड वाढवली. त्यातलं बरंच तेल प्रिमोर्स्क आणि उस्त-लुगा या बाल्टिक बंदरांतून निघतं. तिथून भारताकडे येणाऱ्या टँकरची वाट बोर्नहोमच्या आसपासूनच जाते.

डेन्मार्क ही जहाजं अडवू का शकत नाही? कारण किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपलीकडे देशाचा पूर्ण अधिकार चालत नाही. शिवाय बाल्टिकमधून बाहेर पडायच्या डॅनिश सामुद्रधुन्यांतून व्यापारी जहाजांना मोकळी वाट देण्याचं बंधन डेन्मार्कने १८५७ च्या कोपनहेगन करारात स्वीकारलं आहे. त्यामुळे बोर्नहोमवरून जहाजं दिसतात, मोजता येतात, पण थांबवता येत नाहीत.

हे बेट डेन्मार्ककडे राहिलं कसं?

जागा मोक्याची असली की मालक बदलत राहतात. १५२५ ते १५७५ अशी तब्बल ५० वर्षं हे बेट ल्युबेक या जर्मन व्यापारी शहराच्या ताब्यात होतं.

१६५८ मध्ये डेन्मार्क स्वीडनकडून युद्ध हरला. रोस्किल्डच्या तहात त्याने स्कोन, हालांड, ब्लेकिंग हे आजच्या दक्षिण स्वीडनमधले प्रांत गमावले आणि बोर्नहोमही. पण बेटावरच्या लोकांना हे मान्य नव्हतं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांनी बंड केलं, स्वीडिश सेनापती प्रिंट्सेनशोल्ड याला ठार मारलं आणि बेट पुन्हा डॅनिश राजाच्या हवाली केलं. त्याचं दानपत्रच लिहून दिलं. १६६० च्या तहात स्वीडननेही ते मान्य केलं, पण मोबदल्यात स्कोनमधल्या जमिनी घेतल्या.

बाकीचे तिन्ही प्रांत आज स्वीडनमध्ये आहेत. बोर्नहोम एकटं डेन्मार्कमध्ये उरलं, म्हणून नकाशावर ते असं भलत्याच जागी दिसतं.

मुक्तीनंतर बॉम्ब का पडले?

एप्रिल १९४० मध्ये नाझी जर्मनीने डेन्मार्क व्यापला, त्यात बोर्नहोमही गेलं. ४ मे १९४५ रोजी डेन्मार्कमधल्या जर्मन फौजांनी ब्रिटिश सेनापती माँटगोमेरी यांच्यापुढे शरणागती पत्करली. ५ मेच्या सकाळपासून ती लागू झाली. देशभर जल्लोष सुरू झाला. बोर्नहोमचे लोकही ब्रिटिश सैनिकांची वाट पाहू लागले.

पण ब्रिटिश आलेच नाहीत. बेटाच्या दक्षिणेकडचा जर्मन किनारा सोव्हिएत फौजांनी घेतला होता आणि मित्रराष्ट्रांनी या बेटाकडे तुकडी पाठवली नाही. बेटावरचा जर्मन अधिकारी गेरहार्ड फॉन काम्प्ट्झ अडून बसला. शरण जाईन तर ब्रिटिशांना, रशियनांना नाही, असं त्याचं म्हणणं.

७ आणि ८ मे रोजी सोव्हिएत विमानांनी रोने आणि नेक्सो या दोन शहरांवर बॉम्बफेक केली. शेकडो घरं उद्ध्वस्त झाली. दुसऱ्या दिवशीच्या हल्ल्याआधी लोक मोठ्या संख्येने शहराबाहेर गेले, म्हणून बळींचा आकडा दहाच्या आसपास राहिला. ९ मे रोजी सोव्हिएत सैनिक बेटावर उतरले. नंतर शेजारच्या स्वीडनने बेघरांसाठी ३०० लाकडी घरं पाठवली.

डेन्मार्कमध्ये आजही ४ मेच्या संध्याकाळी खिडक्यांत मेणबत्त्या लावून मुक्तीची आठवण जागवतात. बोर्नहोमपुरती ती तारीख अर्धीच खरी आहे. तिथून शेवटचा सोव्हिएत सैनिक ५ एप्रिल १९४६ रोजी गेला, म्हणजे जवळजवळ ११ महिन्यांनी.

रशिया कोणत्या ‘अटी’बद्दल बोलतो?

आजच्या वादाचं मूळ इथे आहे. मार्च १९४६ मध्ये सोव्हिएत सरकारने डेन्मार्कला कळवलं, की परदेशी सैन्याची मदत न घेता तुम्ही स्वतःच्या बळावर बेटाचा ताबा घेणार असाल, तर आम्ही माघार घेतो. डेन्मार्कने होकार दिला.

या देवाणघेवाणीचा अर्थ दोन्ही बाजू वेगळा लावतात. रशियाच्या मते हे कायमचं वचन होतं. डेन्मार्कच्या मते ते १९४६ मध्ये ताबा घेण्यापुरतं होतं आणि ताबा घेतला तेव्हाच ते संपलं.

डेन्मार्क १९४९ मध्ये नाटोचा संस्थापक सदस्य झाला. कागदावर त्याने रशियाचा अर्थ कधी मान्य केला नाही. पण शीतयुद्धाच्या काळात परदेशी नाटो सैनिक बोर्नहोमपासून लांब ठेवले. म्हणजे हक्क सोडला नाही आणि वापरलाही नाही.

याचा अर्थ बेट शांत होतं असं नाही. ५ मार्च १९५३ रोजी, स्टालिन यांचा मृत्यू झाला त्याच दिवशी, फ्रान्सिशेक यारेत्स्की हा पोलिश वैमानिक आपलं मिग-१५ घेऊन थेट बोर्नहोमवर उतरला. धडधाकट अवस्थेतलं मिग-१५ पहिल्यांदाच पाश्चात्त्य देशांच्या हाती लागलं. तज्ज्ञांनी ते तपासलं आणि मग पोलंडला परत केलं. दुओद्देजवळ तर पूर्वेकडचे रेडिओ संदेश टिपण्यासाठी उंच मनोराच उभा राहिला. आता तो पर्यटकांना बघायला मिळतो.

मे २०२२ मध्ये हा संयम सुटला. युक्रेनवरच्या हल्ल्याला तीन महिने होत होते. अमेरिकी सैनिकांनी सरावासाठी हिमार्स ही रॉकेट यंत्रणा बोर्नहोमच्या विमानतळावर उतरवली. कोपनहेगनमधल्या रशियन राजदूतांनी १९४६ ची आठवण करून देत आक्षेप घेतला. पुढच्याच महिन्यात बेटावर ‘फोल्केमोडे’ भरला होता. दर जूनमध्ये भरणारा हा राजकीय मेळा, जिथे मंत्री आणि सामान्य लोक एकाच मांडवात भेटतात. नेमकं तेव्हाच एक रशियन युद्धनौका बेटाच्या उत्तरेला डॅनिश हद्दीत दोनदा घुसल्याचं डेन्मार्कने जाहीर केलं.

नॉर्ड स्ट्रीमचं काय झालं?

२६ सप्टेंबर २०२२. रात्री दोनच्या सुमारास बेटाच्या आग्नेयेला समुद्राखाली पहिला स्फोट झाला, संध्याकाळी सातच्या सुमारास ईशान्येला आणखी. रशियातून जर्मनीला गॅस नेणाऱ्या चारपैकी तीन नळ्या निकामी झाल्या. समुद्रावर एक किलोमीटर रुंदीचं फेसाळतं वर्तुळ दिसत होतं. बेटावरच्या भूकंपमापकानेही धक्के टिपले.

स्वीडन आणि डेन्मार्कने फेब्रुवारी २०२४ मध्ये तपास बंद केला. घातपात झाला हे डेन्मार्कने मान्य केलं, पण आपल्याकडे खटला भरण्याइतका आधार नाही असं सांगितलं. जर्मनीचा तपास सुरू राहिला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये जर्मन वॉरंटवर एका युक्रेनी नागरिकाला इटलीत अटक झाली. आधी बहुतेकांचा संशय रशियावर होता. त्यामुळे हे वळण युक्रेनला मदत करणाऱ्या देशांसाठीही अवघड आहे.

समुद्राच्या तळाशी आणखीही बरंच काही आहे. महायुद्धानंतर जर्मनीची रासायनिक शस्त्रं बोर्नहोमच्या पूर्वेला बुडवली गेली, अंदाजे ३२ हजार टन. पुढे कित्येक वर्षं मच्छीमारांच्या जाळ्यात मस्टर्ड गॅसचे गोळे येत राहिले.

मग इथेच ऊर्जेचा मोठा प्रकल्प का?

कारण जागा तीच, पण उपयोग वेगळा. बेटाच्या आसपास समुद्रात पवनचक्क्या उभारून ३ गिगावॉट वीज तयार करायची, ती बोर्नहोमवर आणायची आणि तिथून डेन्मार्क व जर्मनीला पाठवायची, अशी ‘एनर्जी आयलंड’ योजना आहे. युरोपियन युनियनने जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठी ६४.५ कोटी युरो मंजूर केले. खर्च कोणी किती उचलायचा यावरून मात्र योजना रखडत आली आहे.

रशियन गॅसवरचं अवलंबित्व कमी करण्यासाठी हे हवंच, असं समर्थक म्हणतात. पण त्यासाठी समुद्रतळावर नवे केबल टाकावे लागणार. नोव्हेंबर २०२४ मध्ये बाल्टिकमधल्या दोन डेटा केबल एकापाठोपाठ तुटल्या होत्या. म्हणजे वीज तयार करण्याइतकाच ती सांभाळण्याचाही खर्च धरावा लागेल.

बेटावरच्या लोकांना यातून काय मिळतं?

मासेमारी हा इथला जुना धंदा. पण साठा घटल्यामुळे युरोपियन युनियनने २०१९ मध्ये पूर्व बाल्टिकमधल्या कॉड माशाच्या मासेमारीवर बंदी आणली आणि नेक्सोसारख्या बंदरांचं कंबरडं मोडलं. आता भिस्त उन्हाळ्यातल्या पर्यटकांवर. हॅमरशुसचा पडका किल्ला, बाराव्या शतकापासूनची चार गोल चर्च आणि धुरावलेला हेरिंग मासा यांसाठी लोक येतात. पवनऊर्जेमुळे वर्षभराचा रोजगार येईल अशी आशा आहे. पण मोठ्या शक्तींच्या नजरेत आपण जितके महत्त्वाचे, तितके निशाण्यावर, हे १९४५ पाहिलेल्या बेटाला वेगळं सांगावं लागत नाही.

पुढे काय?

फिनलंड २०२३ मध्ये आणि स्वीडन २०२४ मध्ये नाटोत आले. त्यामुळे बोर्नहोमच्या आजूबाजूचे जवळजवळ सगळे किनारे आता नाटोचे आहेत. १९४५ सारखं एकटं पडण्याची भीती कमी झाली आहे. पण पाइपलाइन, केबल आणि जहाजांवरचे हल्ले ‘युद्ध’ म्हणून जाहीर होत नाहीत, आणि कोणी केले हे सिद्ध होईपर्यंत वर्षं जातात.

डेन्मार्कची सावध भूमिकाही पुरती गेलेली नाही. अमेरिकी सैनिकांना डॅनिश तळ वापरू देणाऱ्या कराराला संसदेने जून २०२५ मध्ये मंजुरी दिली. त्यात कारूप, स्क्रिडस्ट्रुप आणि आल्बोर्ग हे तीन तळ आहेत. तिन्ही पश्चिमेकडच्या जटलंडमध्ये. बोर्नहोम त्या यादीत नाही.

ट्रम्प ग्रीनलंड मागत असताना त्याच अमेरिकेला बोर्नहोमवर कायमचं बोलवायचं का, हा प्रश्न डेन्मार्कसाठी आता आणखी कठीण झाला आहे. न बोलवावं तर रशियाने लावलेला १९४६ चा अर्थ मान्य केल्यासारखं दिसतं. बोलवावं तर बेट पुन्हा दोन मोठ्या शक्तींच्या मधोमध येतं. आतापर्यंत डेन्मार्कने मधला मार्ग धरला आहे. सराव करू द्यायचा, तळ होऊ द्यायचा नाही. तो किती दिवस टिकतो, हे कोपनहेगनपेक्षा मॉस्को आणि वॉशिंग्टनमध्ये काय घडतं यावर जास्त अवलंबून असेल.