विद्यापीठाचा उंबरठा

विद्यापीठाकडे साठलेल्या खाजगी माहितीच्या संरक्षणाचा प्रश्न निघाला, की आमच्या विद्वानांचे लक्ष एकदम सर्व्हरच्या खोलीकडे, तिथल्या कुलपांकडे आणि सातासमुद्रापलीकडे बसलेल्या चोरांकडे धावते. आणि प्राणहितेच्या खोऱ्यातले, पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात असलेले व २०१६ पासून कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात मोडणारे तेलंगणातले बेज्जूर गाव या चर्चेत कोठे येत असेल, ही शंका कोणाच्या मनाला शिवतही नाही. माझा पक्ष असा, की माहिती फुटण्याचा पहिला संभव विद्यापीठाच्या उंबरठ्यावरच असतो. आणि बेज्जूरच्या विद्यार्थ्यापुरता तो उंबरठा म्हणजे अर्ज भरून देणाऱ्या संगणकवाल्याचे दुकान होय.

तेलंगणात २०१६ पासून पदवीचे प्रवेश ‘दोस्त’ या एकत्रित व्यवस्थेतून होतात. आधारशी जोडलेला मोबाइल असावा, नसल्यास मी-सेवा केंद्रात बोटाचा ठसा द्यावा, असा रिवाज आहे. पुढे शिष्यवृत्तीसाठी ‘ई-पास’ या संकेतस्थळावर जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि बँकेचे खाते दाखल करावे लागते. घरात मोबाइल एकच, आणि तो बापाबरोबर कापसाच्या शेतात, अशा घरच्या मुलीने काय करावे? ती ईमेल दुकानदाराचा देते, पासवर्ड त्याच्या वहीत लिहू देते, संध्याकाळी बाप परतल्यावर ओटीपी दुकानदाराला वाचून दाखवते. आणि ‘मी अटी वाचल्या आहेत’ या वाक्यापुढची खूण दुकानदारच करून टाकतो. दुकानदार बिचारा बहुधा सज्जन असतो. पण ज्या व्यवस्थेची सुरक्षितता एका अनोळखी माणसाच्या सज्जनपणावर टांगलेली आहे, तिला व्यवस्था म्हणण्याचे धाडस मला होत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: खेड्यात सर्वांना सर्वांचे सर्व ठाऊक असते, तेथे गोपनीयतेचे हे शहरी चोचले कशाला? शेजाऱ्याची जात गावाला ठाऊक असते, हे खरे. परंतु त्याचा खातेक्रमांक, त्याच्या बोटाचा ठसा आणि त्याच्या मुलीचा मोबाइल क्रमांक गावाच्या चावडीवर कधीच टांगलेला नव्हता. शिवाय गावाचे ज्ञान गावाच्या शिवेपाशी थांबते, तर दुकानातल्या संगणकावर राहिलेली दाखल्याची प्रत कोणत्या मुलखात कोणाच्या हाती जाईल, याचा नेम नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने गोपनीयता हा मूलभूत हक्क ठरविला, तेव्हा त्यांनी त्यास उत्पन्नाची अट घातलेली नाही.

पारदर्शकतेच्या नावाने मोबाइल क्रमांकांसकट प्रवेशाच्या याद्या भिंतीवर चिकटविण्याचे समर्थन करणाऱ्यांना फार उत्तर देण्याचे कारण नाही. अर्जक्रमांक, प्रवर्ग आणि गुण एवढ्याने यादी पुरेशी पारदर्शक होते.

अधिक धूर्त आक्षेप कुलसचिवांच्या दफ्तरातून येतो. संगणकाचे काम आम्ही मक्त्याने दिले आहे, तेव्हा जबाबदारी मक्तेदाराची, असा तो युक्तिवाद. मुंबई विद्यापीठाने २०१७ साली उत्तरपत्रिकांची तपासणी संगणकाच्या पडद्यावर आणली, त्याचे काम बाहेरच्या कंपनीस दिले आणि निकाल महिनोन्‌महिने रखडले; त्या वेळी कुलपती विद्यासागर राव (हे गृहस्थ तेलंगणातलेच) यांनी ऑक्टोबरात पदावरून दूर केले ते कुलगुरूंना. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे आठवे कलमही निःसंदिग्ध आहे: करारात काहीही लिहिलेले असो, मक्तेदाराने केलेल्या कामाची जबाबदारी माहिती गोळा करविणाऱ्याचीच. दंडाची मर्यादा २५० कोटी रुपयांपर्यंत आहे.

मग शेवटचा बुरूज उरतो. शिष्यवृत्तीसारख्या लाभासाठी शासनाला संमतीची आवश्यकता नाही, आणि या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असले तरी मुख्य बंधनांना अठरा महिन्यांची मुदत आहे. दोन्ही विधाने खरी. म्हणून आज काहीच करायला नको, हा निष्कर्ष मात्र खोटा. संमती नको म्हणजे मर्यादा नको असे होत नाही. जरुरीपुरतीच माहिती घ्यावी आणि ती सुरक्षित ठेवावी, हे बंधन तेथेही सुटत नाही. आणि मुदत तयारीसाठी दिलेली असते.

ती तयारी कोणती, हे सांगितल्यावाचून खंडन अपुरे राहील. संलग्न महाविद्यालयाने प्रवेशाच्या हंगामात आपला एक माणूस आणि एक संगणक मंडलाच्या गावी पाठवावा. त्याने विनामूल्य अर्ज भरून द्यावा, दाखल्यांच्या प्रती अर्जदारासमोर पुसाव्यात, पासवर्ड अर्जदारालाच टंकू द्यावा, आणि ज्याच्यापाशी तक्रार न्यायची त्या अधिकाऱ्याचे नाव व पत्ता पावतीवर छापावा. खर्चाची ओरड होईलच. परीक्षाशुल्क घेताना ती ऐकू येत नाही.

राहिला भाषेचा मुद्दा, आणि बेज्जूरच्या दृष्टीने तो सर्वांत निकडीचा. नव्या कायद्याप्रमाणे संमतीची सूचना इंग्रजीत अथवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय अर्जदाराला मिळाला पाहिजे. म्हणजे या सरहद्दीवरच्या मराठी बोलणाऱ्या घरांतील मुलाला ती मराठीत मागता येईल, आणि ‘येथे तेलुगू चालते’ हे उत्तर कायद्यात बसणार नाही. गोंडी व कोलामी मात्र त्या अनुसूचीत नाहीत. ज्या मुलखाच्या जिल्ह्याला गोंड पुढारी कुमरम भीमाचे नाव दिले, तेथे गोंडी बोलणाऱ्या मुलीला सूचना तिच्या भाषेत तोंडी समजावून सांगण्याचा आदेश विद्यापीठाने स्वतःच्या अधिकारात काढावा. त्यासाठी संसदेची वाट पाहावी लागत नाही, आणि अर्ज भरून देणारा माणूस गोंडी जाणणारा निवडला की बरेचसे काम उरकते.