मुहूर्तभर थांबण्याची मुभा

मांडवीच्या पात्रात नांगरून ठेवलेल्या कॅसिनोच्या जहाजांवर पोकरचे जे सामने भरतात, त्यांपैकी एकात उतरावे की न उतरावे, हे विचारण्यासाठी माझा भाचा गेल्या महिन्यात मुद्दाम माझ्या घरी आला. आणि ज्या मामाने गणपतीच्या जागरणातील रमीपलीकडे व शनिवारी चार स्नेह्यांच्या बैठकीत चिंचोके लावून मांडलेल्या पोकरपलीकडे कधी मजल मारली नाही, त्याच्याकडे ही दरखास्त यावी याचे मला आश्चर्य वाटले तरी ते मी चेहऱ्यावर दिसू दिले नाही, कारण चेहऱ्यावर काही दिसू न देणे एवढी एकच विद्या मला त्या खेळातून साध्य झाली आहे. "मामा," तो म्हणाला, "सामना टर्बो आहे. दर पंधरा मिनिटांनी ब्लाइंड वाढतात, तीन-चार तासांत निकाल. नवख्याला हाच बरा, असं सगळेच सांगतात." हे 'सगळे' कोण, याची चौकशी मी केली नाही, परंतु त्यांचे म्हणणे इतके सरळ आणि ऐकताक्षणी इतके पटण्याजोगे होते की, त्याची तपासणी करावी असे मनाने घेतले.

ज्यांना या खेळाचा परिचय नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा करणे अगत्याचे आहे. सध्या सर्वत्र प्रचलित असलेल्या टेक्सस होल्डम या प्रकारात प्रत्येक भिडूला दोन पाने झाकून मिळतात, पाच पाने मेजावर सर्वांसाठी क्रमाक्रमाने उघडली जातात, आणि या सातांतून उत्तम पाच पानांचा हात ज्याचा, त्याची मधली रास. किंवा, आणि खेळाची खरी गोडी इथेच आहे, हातात काही नसताना ज्याने अशी हूल दिली की समोरच्याने आपली पाने मुकाट्याने टाकून दिली, त्याची ती रास. तीन पत्तीत आपण 'ब्लाइंड' म्हणतो तो पाने न पाहता खुशीने केलेल्या चालीला. पोकरमधील ब्लाइंड मात्र सक्तीचा असतो, आणि पाने मिळण्यापूर्वीच दोघांना पाळीपाळीने, एकाला अर्धा व दुसऱ्याला पूर्ण, भरावा लागतो. मी त्याला शेतसारा म्हणतो. पीक येवो वा करपून जावो, सारा चुकत नाही. आणि सामन्याचा शिरस्ता असा की, ठरलेली मुदत संपली की या साऱ्याची आकारणी वाढते. ही मुदत किती मिनिटांची, यावरच सामना संथ की वेगवान हे ठरते. लास वेगासमध्ये 1970 पासून भरणाऱ्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य सामन्यात अलीकडे प्रत्येकाला 60,000 चिप्स मिळतात आणि एक मुदत दोन तासांची असते. भाच्याच्या सामन्यात ती पंधरा मिनिटांची होती.

आता पंधरा मिनिटांत घडते काय, याचा जमाखर्च मांडून पाहू. माणसाच्या हाताने पत्ते पिसून वाटले जातात अशा मेजावर तासाला तीसच्या आसपास डाव होतात, म्हणजे पंधरा मिनिटांत सात-आठ. आणि मेजावर भिडू नऊ असल्यामुळे वाटपाची एक फेरीदेखील पुरी होण्यापूर्वी सारा वाढलेला असतो. समजा, हातात 10,000 चिप्स आहेत, सुरुवातीचे ब्लाइंड 50 आणि 100 आहेत, आणि ते 75-150, 100-200, 150-300 असे चढत सात मुदतींनंतर 500-1000 झाले. एवढ्या अवधीत, म्हणजे पावणेदोन तासांत, आपल्या नवख्याने सुमारे बावन्न डाव पाहिले. हातात पहिल्याच दोन पानांची जोडी सरासरीने सतरा डावांतून एकदा येते, म्हणजे त्याला सरासरीने तीनच जोड्या मिळाल्या असतील. दोन एक्के 221 डावांतून एकदा येतात, म्हणजे अशा पाच संध्याकाळींपैकी चार संध्याकाळी त्यांचे दर्शनही व्हायचे नाही. आणि चांगल्या पानांची वाट पाहत जर हा गृहस्थ शहाण्यासारखा स्वस्थ बसून राहिला, तर सारा भरता भरता त्याच्या दहा हजारांतले तीन हजारांहून अधिक नुसते बसण्यापायी गेलेले असतात आणि उरलेल्यात मोठे ब्लाइंड सातदेखील भरता येत नाहीत. ज्याची शिल्लक इतकी आटली, त्याला मग तोलून पण लावणे, चाचपून पाहणे, मागे सरणे या गोष्टींना वावच उरत नाही. एक तर पाने टाकून द्यावीत, नाहीतर सर्वस्व पुढे लोटावे, ज्याला खेळाडू ऑल-इन म्हणतात, एवढ्या दोनच वाटा त्याच्यासमोर राहतात.

येथे 'सगळे' जे म्हणतात त्याचा न्याय केला पाहिजे, कारण त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे, आणि ते नाकारणे हा अप्रामाणिकपणा होईल. वाटा दोनच उरल्या म्हणजे निर्णय सोपा होतो, आणि जिथे निर्णय सोपा तिथे मुरलेला खेळाडू व नवखा यांच्यातील अंतर आकुंचन पावते. एकदा सर्वस्व मध्ये पडले की पुढची पाने केवळ पाने असतात. त्यांना कोणाचा अनुभव कळत नाही. वेगवेगळ्या रंगांची सत्ती आणि दुर्री, ज्याहून टाकाऊ आरंभ या खेळात नाही, तीदेखील दोन एक्क्यांविरुद्ध शंभरांतून बारा वेळा जिंकून जाते. डेव्हिड स्क्लान्स्की या अमेरिकन पोकरशास्त्रज्ञाने तर, ज्याला खेळाचा गंधही नाही अशा माणसाला मोठ्या सामन्यात टिकता यावे म्हणून, 'ठराविक पाने आली तर सर्वस्व लाव, एरवी टाकून दे' एवढ्याच सूत्रावर एक पद्धती रचून दिली होती; मुरब्बी माणसाची खरी हत्यारे पुढच्या पानांगणिक चालणाऱ्या डावपेचांत असतात, तेव्हा ती म्यानाबाहेर काढण्याची संधीच त्याला द्यायची नाही, हे त्या पद्धतीचे मर्म. वेगवान सामना हेच काम घड्याळाकरवी सर्वांवर सारखे लादतो. तेव्हा एका रात्रीपुरता हिशेब करायचा तर वेग हा नवख्याचा मित्र आहे, हे मला मान्य करावेच लागते.

परंतु मित्राची मैत्री कशात आहे तेही पाहावे. चार वेळा सर्वस्व लावायचे आणि चारही वेळा आपली बाजू शंभरांत ऐंशी इतकी भक्कम असायची, असे भाग्य कोणाला लाभले तरी चारही वेळा तगून राहण्याचा संभव शंभरांत एकेचाळीस एवढाच असतो. आणि लहान जोडी विरुद्ध दोन मोठी पाने अशा, जवळजवळ नाणेफेकीसारख्या, पंचावन्न-पंचेचाळीसच्या लढती चार वेळा झाल्या तर तो संभव जेमतेम नवावर येतो. याचा अर्थ असा की, ज्याने सर्व काही बरोबर केले तो बहुधा हरून घरी जातो, आणि ज्याने सर्व काही चुकीचे केले तो अधूनमधून बक्षीस घेऊन जातो. अनुभवी माणूस या विसंगतीला हसतो, कारण असे शेकडो सामने त्याच्या गाठीशी असतात. नवख्याच्या गाठीला तो एकच असतो, आणि त्या एकाच्या निकालावरून तो धडा घेतो. सत्ती-दुर्रीने ज्याला पहिल्या रात्री जिंकवले, त्याला त्या पानांविषयी जो विश्वास वाटू लागतो तो उतरवायला पुढे किती रात्री आणि किती रुपये लागतात, याचा हिशेब कोणी ठेवत नाही. माझ्या मते वेगवान सामन्यात नवख्याने हरणे ही लहान आपत्ती आणि जिंकणे ही मोठी.

येथे कोणी 2003 सालच्या ख्रिस मनीमेकरचा दाखला देईल. टेनेसीकडचा हा जमाखर्च लिहिणारा गृहस्थ इंटरनेटवरील एका स्वस्त पात्रता फेरीतून वर्ल्ड सिरीजच्या मुख्य सामन्यात गेला, 839 खेळाडूंत पहिला आला, पंचवीस लाख डॉलर घेऊन परतला, आणि आडनावाची पुण्याईही कामी आली असे जगाने म्हटले. समोरासमोर मेजावर बसून खेळण्याचा तो त्याचा पहिलाच मोठा सामना होता हे खरे. परंतु तो सामना टर्बो नव्हता, अनेक दिवस चाललेला संथ सामना होता, हे सांगायला लोक विसरतात. अखेरच्या द्वंद्वात सॅमी फार्हा या मुरलेल्या प्रतिस्पर्ध्याला, हातात काही नसताना सर्वस्व पुढे लोटून, त्याने जी हूल दिली आणि वरचढ हात टाकून द्यायला लावला, ती हूल त्याला देता आली, कारण दोघांपाशी चिप्सचा खच होता आणि फार्हाला माघार घेऊनही जगण्याची आशा होती. ज्याच्याजवळ चारच ब्लाइंडांची शिल्लक आहे त्याला हूल दाखवून पळवता येत नाही; तो कशालाही 'बघू' म्हणतो, कारण त्याच्यापाशी गमावण्यासारखे काही राहिलेलेच नसते.

वेगाचा पुरस्कार जे करतात त्यांत सामना भरवणारेही असतात, आणि त्यांचा स्वार्थ ध्यानात ठेवलेला बरा. प्रवेशशुल्कातला एक भाग बक्षिसांच्या राशीत जातो आणि एक भाग घरच्या दस्तुरीपोटी कापला जातो. समजा, अकराशे रुपयांपैकी शंभर घराचे. तर संथ सामना रात्रभर पुरतो आणि घराला माणशी शंभर मिळतात, वेगवान सामने एका रात्रीत तीन होतात आणि तोच माणूस तीनदा शंभर भरतो. त्यातून बाद झाल्यावर पुन्हा शुल्क भरून आत शिरण्याची मुभा असली म्हणजे तर विचारायलाच नको. यात लबाडी आहे असे मी म्हणत नाही, खानावळवाल्याने पंगत लवकर उठवावी यात जेवढी लबाडी तेवढीच ही.

वेगाच्या बाजूचा एकच युक्तिवाद मला निरुत्तर करू पाहत होता, तो संगीतातला. विलंबित बडा ख्याल नवशिक्याच्या गळ्यात कोणी आधी उतरवत नाही. त्याला आरंभी छोटा ख्याल, बांधीव, आटोपशीर असाच शिकवतात. मग पोकरमध्ये उलटा न्याय का? विचार करता असे वाटले की, येथे लहान आणि वेगवान या दोन गोष्टींची गल्लत झाली आहे. नवशिक्याला चीज लहान द्यावी हे खरे. पण तीच चीज गुरुजी बेताच्या लयीत, प्रत्येक स्वर जागेवर बसेपर्यंत पुन्हा पुन्हा घोटून घेतात, पहिल्या दिवशी त्याला कोणी दुगुनीत पळवत नाही. पोकरमध्ये याचा तर्जुमा असा: नवख्याने शेकडो माणसांचा सामना टाळावा, आठ-नऊ जणांचे एकच मेज गाठावे, शुल्क इतके अल्प असावे की गेल्याची हळहळ जेवणापर्यंत टिकू नये, आणि मुदत मात्र अर्ध्या तासाची असावी. असा सामना एका संध्याकाळीत आटोपतो, आणि तरीही पाने टाकून देऊन इतरांचा खेळ न्याहाळण्याला, म्हणजे ज्याला शिक्षण म्हणतात त्याला, त्यात भरपूर अवकाश राहतो.

असे मेज मिळावे कोठे, हा प्रश्न मात्र अवघड आहे. 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना, मग ते कौशल्याचे म्हणवोत वा नशिबाचे, बंदी केली. महाराष्ट्राने 1976 साली कॅसिनोंसाठी केलेला आणि कधीच अमलात न आलेला कायदा 2023 साली रद्द करून तो मामला निकालात काढला. राहता राहिला शेजारचा गोवा. मला स्वतःला चिंचोक्यांत कसलीही उणीव भासत नाही. चिंचोके गमावले तरी मनुष्य चिडतो, हूल पकडली गेली तरी ओशाळतो, आणि या दोन भावनांखेरीज पोकर शिकायला तिसरे भांडवल लागत असल्याचे माझ्या पाहण्यात नाही. ज्याला शिकायचेच नाही, गोव्याच्या एका रात्रीची मौज म्हणून ठरावीक रक्कम नाटकाच्या तिकिटासारखी खर्चून मोकळे व्हायचे आहे, त्याने वेगवान सामन्यात खुशाल बसावे.

हे सारे भाच्याला सांगितल्यावर त्याच्या चेहऱ्यावर कंटाळा दिसू लागला, तेव्हा मी त्याला महाभारताच्या वनपर्वातली नळाची गोष्ट काढली. पुष्कराशी द्यूत खेळून राज्य घालवलेला नळ बाहुक या नावाने अयोध्येच्या ऋतुपर्णाचा सारथी झाला होता, आणि दमयंतीचे पुन्हा स्वयंवर आहे या वार्तेने उतावीळ झालेल्या राजाला एका दिवसात विदर्भात पोहोचवण्यासाठी रथ असा हाकत होता की, राजाचे उत्तरीय वाऱ्याने उडाले व ते आणा म्हणेपर्यंत योजनभर मागे पडले. वाटेत एक बेहड्याचे झाड आले, ज्याच्या फळांचेच त्या काळी फासे होत. झाडावर पाने किती, फळे किती, हे ऋतुपर्णाने धावत्या रथातून नुसत्या दृष्टिक्षेपाने सांगितले, आणि नळाने रथ थांबवला. आपण ही फळे मोजून पाहणार, असे तो म्हणाला. राजाने उशीर होत असल्याचे बजावले. त्यावर सारथ्याने धन्याला जे उत्तर दिले ते धिटाईचे होते: घाई असेल तर वाट सरळ आहे, रथात बरोबर असलेल्या वार्ष्णेयाला सारथी करून आपण पुढे व्हावे, नाहीतर मुहूर्तभर थांबावे. राजा थांबला, फळे मोजली गेली, संख्या जुळली, आणि त्या झाडाखालीच ऋतुपर्णाने नळाला अक्षविद्या दिली. पुढे तिच्याच बळावर नळाने पुष्कराकडून राज्य परत जिंकले.

"मुहूर्त म्हणजे किती मिनिटं, मामा?" भाच्याने विचारले. मुहूर्त म्हणजे क्षणभर, असेही धरतात. पण जुन्या कालगणनेप्रमाणे दोन घटिकांचा एक मुहूर्त, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे. त्याने मनातल्या मनात पंधराने भागून पाहिले असावे, कारण थोडा वेळ तो काही बोलला नाही, आणि मग येत्या शनिवारी चिंचोके किती लागतील, असे त्याने विचारले.