वॉरंटी वाढवून मिळेल, पण कशाची?

"मॅडम, फक्त साडेसहा हजार भरा आणि पुढची दोन वर्षं टेन्शन विसरा!"

मित्र-मैत्रिणींनो, नवीन लॅपटॉप घेताना हे वाक्य तुम्हीही कधी ना कधी ऐकलं असेल. जूनमध्ये मालेगावातल्या एका दुकानात मी ते ऐकलं. लॅपटॉप 55,000 चा, कंपनीची वॉरंटी एक वर्षाची आणि वर 6,500 रुपये भरले की अजून दोन वर्षं. सोबत पप्पा होते. आमची सटाणा तालुक्यात कांद्याची शेती. त्यामुळे पप्पांचा निर्णय दोन सेकंदांत झाला. "गारपीट काय विचारून येते? भरून टाकू."

पण पैसे काढता काढता त्यांनी प्लॅनचा कागद माझ्या हातात दिला. "तू कॉन्व्हेंटला शिकलीस ना? वाच बरं नीट."

झालं! दोन पानं बारीक इंग्रजी. ज्या भाषेत मी नर्सरीपासून शिकले, त्याच भाषेतलं एक वाक्य मला तीनदा वाचावं लागलं आणि तरी शेवटी काय मिळणार ते कळेना. शब्द सगळे ओळखीचे, अर्थ मात्र परका. खरं सांगते, लाज वाटली. मी विचारलं, "हे नंतर घेता येतं का?" तेव्हा कळलं की घेता येतं. बऱ्याच कंपन्या मूळ वॉरंटी चालू असताना ठराविक मुदतीत हा प्लॅन नंतरही देतात. म्हणजे काउंटरवरच 'हो' म्हणायची घाई आपलीच. कागद घेऊन मी होस्टेलवर आले आणि डिक्शनरी घेऊन बसले.

कागदात एकच गोष्ट पक्की होती : लॅपटॉप बनवताना राहिलेला दोष असेल तर दुरुस्ती फुकट. आणि कशाला नाही? पडला तर नाही. पाणी सांडलं तर नाही. स्क्रीन फुटली तर नाही. बॅटरी झिजली तर नाही. बाहेर कुठे उघडला तर मग काहीच नाही!

आता आपल्या कॉरिडॉरमध्ये एक चक्कर मारा. कुणाची बिजागरी निघालीय, कुणाच्या कीबोर्डने चहा प्यायलाय, कुणाचा लॅपटॉप बेडवरून खाली उतरलाय, कुणाची बॅटरी वीस मिनिटांत राम म्हणते. ह्यातलं जवळपास काहीच त्या कागदात बसत नाही. शिवाय आपल्या गावाचे दोन खास शत्रू आहेत : एप्रिल-मेचं ऊन आणि यंत्रमागांची रुई. ही रुई पंख्याच्या जाळीत बसते, हवा अडते, मशीन तापतं. त्यावरचा उपाय म्हणजे वेळेवर साफसफाई आणि लॅपटॉप गादीवर न ठेवता टेबलावर ठेवणं. साफसफाईला काही शे रुपये लागतात, साडेसहा हजार नाही.

आपण इंजिनीअर होणार ना? मग बाथटब कर्व्ह आठवा. नवीन वस्तूत सुरुवातीला बिघाड जास्त, मग बराच काळ कमी आणि शेवटी झीज सुरू झाली की पुन्हा जास्त. सुरुवातीचा चढ कंपनीच्या मूळ एका वर्षातच बराचसा निघून जातो. शेवटच्या चढात बॅटरीसारखे झिजणारे भाग येतात, ते वगळलेले. आपल्याला विकतात तो मधला सपाट तळ! गणित करून पाहिलं. समजा मोठ्या दुरुस्तीला 9,000 रुपये लागतात. तर 6,500 वसूल व्हायला, प्लॅनमध्ये बसणारा तसा बिघाड होण्याची शक्यता 72 टक्क्यांच्या वर पाहिजे. एवढा भरवशाने बिघडणारा लॅपटॉप कुणी घेईल का?

मी खूश होऊन हे सगळं रूममेटला ऐकवलं. ती शांतपणे म्हणाली, "गणित बरोबर आहे गं. पण तुझ्या गणितात तुझे पप्पा धरलेले आहेत."

तिची आई अंगणवाडी सेविका. लॅपटॉप हप्त्यांवर घेतलेला. सेकंड इयरला वॉरंटी संपली आणि तीन महिन्यांत मदरबोर्ड गेला. दुरुस्तीचा आकडा 11,000. इकडे जुन्या लॅपटॉपचे हप्ते चालूच, वर हे! सहा आठवडे ती लॅब बंद होईपर्यंत तिथल्या पीसीवर बसायची आणि रात्री माझा लॅपटॉप मागायची. मी झोपायच्या वेळी. एकदा मी वैतागून "उद्या घे ना" म्हटलेलं मला अजून आठवतं. "साडेसहा हजार हप्त्यात मिसळून भरता आले असते," ती म्हणाली, "अकरा हजार एकदम नाही भरता आले."

माझं सगळं गणित तिथे थांबलं. सरासरी काढणं माझ्यासारखीला परवडतं, कारण सरासरी चुकली तरी घरून पैसे येतात. जिला एक फटका सोसत नाही, तिने सरासरी काय चाटायची? विमा असतो तो ह्यासाठीच : जे नुकसान आपल्याला झेपणार नाही त्यासाठी. जे झेपतं, त्याचा विमा काढणं म्हणजे दुकानदाराला दिवाळी. पप्पांची गारपीट आणि माझ्या लॅपटॉपचा बिघाड ह्यांत हाच फरक आहे. गारपिटीत वर्ष जातं. माझा लॅपटॉप बिघडला तर माझा फक्त मूड जातो.

मग रूममेटसारख्यांनी वॉरंटी वाढवून घ्यावी का? माझं मत : घ्यावी, पण तीन प्रश्न विचारून. एक, प्लॅन लॅपटॉपच्या कंपनीचा आहे की तिसऱ्याच कुणाचा? दोन, माणूस होस्टेलवर येऊन दुरुस्त करणार की आपण मशीन घेऊन जायचं? शंभरेक किलोमीटरवर नाशिकला दोन खेपा म्हणजे बसभाडं आणि दोन दिवसांची अटेंडन्स. तीन, पडणं-सांडणं धरलंय का? तिन्ही उत्तरं मनासारखी असतील तर खुशाल घ्या. आणि एक लक्षात ठेवा, वॉरंटीत मशीन परत मिळतं, डेटा नाही. प्रोजेक्ट रिपोर्टची दुसरी कॉपी आपली आपणच ठेवायची.

अजून एक टोचणी. आपलं मालेगाव हे दुरुस्तीचं गाव. इथे जुने साधे माग वर्षानुवर्षं चालतात ते कुठल्या वॉरंटीवर नाही, तर मागाचा नुसता आवाज ऐकून बिघाड सांगणाऱ्या मिस्त्रीवर. सुटे भाग गल्लीत मिळतात, हात गल्लीत मिळतो. आणि आपण पैसे भरून कागद घेतो, ज्यात लिहिलेलं असतं की गावातल्या माणसाने मशीन उघडलं तर खबरदार! केंद्र सरकारने डिसेंबर 2022 मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं, ते ह्या प्रश्नाची दखल घेऊनच. पण पोर्टल पाहण्याआधी कागद वाचायला हवा ना!

आणि प्लॅन घेऊनही कुणी टोलवाटोलवी केली तर? पक्कं बिल जपून ठेवा. 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै 2020 पासून लागू झाला. त्यात आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, वस्तूची किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही, मुदत दोन वर्षं. हे आपल्याला कुठल्याच सेमिस्टरला शिकवत नाहीत!

आता माझी सूचना. आईची भिशी पाहून सुचली. आपल्या मजल्यावरच्या 20 जणींनी महिन्याला 50 रुपये काढले तर दहा महिन्यांत 10,000 होतात. कुणाचा लॅपटॉप बिघडला, तर निम्मा खर्च भिशीचा, निम्मा तिचा. म्हणजे निष्काळजीपणाही वाढणार नाही. चहा सांडलेलाही चालेल, दुरुस्ती कुठेही करा. वर्षाअखेर उरलं तर पुढच्या वर्षाला. एकाच वर्षात तीन मदरबोर्ड गेले तर भिशी बुडेल, हे मान्य. पण विमा कंपन्या तरी वेगळं काय करतात? अनेकांचं थोडं थोडं घेऊन एकाचं मोठं भरतात. फरक एवढाच की इथे हिशोबाची वही आपल्यासमोर असेल. मुंबई ग्राहक पंचायत 1975 पासून शेजारच्या कुटुंबांचे गट करून किराणा एकत्र घेतेच आहे. मग आपल्याला मजल्यावर एक भिशी चालवता येणार नाही? रेक्टर मॅडमना विनंती आहे की वही त्यांच्या कपाटात ठेवू द्यावी, म्हणजे भांडणं होणार नाहीत.

मी प्लॅन घेतला नाही. पप्पांना फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आणि काही झालं तर?" मी म्हटलं, "ते साडेसहा हजार बाजूला ठेवलेत. त्यातले पहिले पाचशे भिशीत, वर्षाचे एकदम." थोडा वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "तुझ्या रूममेटचेही भर. हळूहळू देईल ती."

तिला विचारलं. ती म्हणाली, "माझे मी भरीन, महिन्याला पन्नास." वहीत पहिलं नाव तिचंच आहे. उरलेल्या अठरा जागा रिकाम्या आहेत. येताय ना?