अबोल राखणदार



फाटकाची कडी फार जड असली म्हणजे काय होते, हे गावात कोणास सांगावयास नको. दिवसातून दहा वेळा ये-जा करणारी मुले फाटकाला दगड लावून ते उघडेच ठेवतात. मग गुरे आत शिरतात आणि बोल लागतो तो मुलांना. वस्तुतः दोष असतो तो अशी कडी बसविणाराचा. संगणकाच्या व मोबाईलच्या सुरक्षिततेविषयी आज आम्हांस जे सांगावयाचे आहे, ते या कडीच्या गोष्टीहून फारसे निराळे नाही.

हा विचार जुनाच आहे. पॅरिसमध्ये भाषा शिकविणारे ऑग्युस्त केर्कहॉफ्स यांनी १८८३ साली लष्करातील गुप्त लिपीवर एक निबंध लिहिला आणि तीत सहा नियम घालून दिले. त्यांतील शेवटचा नियम असा, की ती पद्धत वापरावयास सोपी असावी. तिच्यापायी मनावर ताण पडू नये आणि नियमांची लांबलचक यादी ध्यानात ठेवावी लागू नये. पुढे १९७५ साली सॉल्टझर व श्रोडर या दोघा अमेरिकन शास्त्रज्ञांनी हेच तत्त्व संगणकास लावले. रक्षणाची सोय अशी असावी, की माणसाच्या हातून ती सहजगत्या आणि योग्य रीतीनेच वापरली जावी, असे त्यांचे म्हणणे होते.

तथापि अनेक कचेऱ्यांनी याच्या उलट मार्ग धरला. पासवर्ड लांब हवा, त्यात अंक हवा, चिन्ह हवे आणि ठरावीक मुदतीने तो बदलावयासही हवा! परिणाम काय झाला? माणसे जुन्याच शब्दापुढे एक आकडा वाढवू लागली, किंवा चिठ्ठीवर लिहून ती टेबलाच्या खणात ठेवू लागली. हाच तो फाटकाला लावलेला दगड. अखेर २०१७ साली अमेरिकेच्या सरकारी मानक-संस्थेने स्पष्ट सांगितले, की केवळ मुदत भरली म्हणून पासवर्ड बदलण्याची सक्ती करू नये. तो फुटल्याचा पुरावा असेल तेव्हा मात्र बदलावा.

याविषयीचा एक प्रयोग मोठा बोधप्रद आहे. १९९९ साली अल्मा व्हिटन आणि डग टायगर या संशोधकांनी बारा माणसांना पत्रे सांकेतिक करून पाठविण्याचे एक साधन दिले आणि दीड तासाचा अवधी दिला. साधन बळकट होते. पण बहुतेकांना ते वापरणे जमले नाही. तिघांनी तर चुकून गुपित उघड्यावरच पाठवून दिले. आता याच्या शेजारी दुसरे चित्र ठेवा. २०१६ पासून व्हॉट्सअॅपवरील निरोप पाठविणाऱ्याच्या मोबाईलमध्येच कुलूपबंद होतो आणि घेणाऱ्याच्या मोबाईलमध्येच उघडतो. परदेशी गेलेल्या नातवाशी बोलणाऱ्या आजीबाईंना याची गंधवार्ताही नसते, तरी त्यांचे बोलणे झाकलेले राहते. जे बारा जणांतील बहुतेकांना साधले नाही, ते आजीबाईंना न शिकता साधले. माणसे हुशार झाली म्हणून हे घडले नाही. कुलूप करणारा शहाणा झाला म्हणून घडले.

मग राखणदाराने कधीच बोलू नये काय? तसेही नाही. जो कुत्रा रात्रभर वाऱ्यावरही भुंकतो, त्याच्या भुंकण्याने चोर आला तरी कोणी उठत नाही. पावलोपावली 'परवानगी देता काय?' असे विचारणारे यंत्र आपणांस न वाचताच 'होय' म्हणावयास शिकविते. राखणदाराने क्वचितच बोलावे, परंतु नेमक्या क्षणी आणि समजेल अशा भाषेत बोलावे. यूपीआयमध्ये पैसे आपल्या खात्यातून बाहेर जावयाचे असतात तेव्हा पिन विचारला जातो. पैसे घेण्यासाठी पिन कधीही लागत नाही. भामटे नेमकी हीच गोष्ट उलटी करून सांगतात. 'पैसे मिळतील, पिन टाका' असे कोणी म्हटले, की तो ठक आहे असे खुशाल समजावे.

वडीलधारी माणसे आमच्याकडे येऊन म्हणतात, "फादर, आम्ही अडाणी माणसे, आम्हांला हे जमावयाचे नाही." त्यांस आमचे सांगणे असे, की जे साधन सामान्य माणसास जमत नाही, त्यात उणीव साधनाची असते. आणि घरातील तरुणांस आमची विनंती आहे, की वडिलांना नियमांची यादी पाठ करावयास लावू नका. त्यांच्या मोबाईलला बोटाच्या ठशाचे कुलूप लावून द्या. नव्या सुधारणा आपोआप होतील अशी सोय करून द्या. पिन कोणास सांगू नये आणि पैसे घेताना तो टाकू नये, एवढी एकच गोष्ट त्यांच्याकडे सोपवा. इतकेही करून कोणी फसलाच, तर त्याला रागे भरण्यात वेळ न दवडता तत्काळ १९३० या सरकारी क्रमांकावर कळवा; पैसा पुढे सरकण्यापूर्वी तो अडविता येण्याचा संभव असतो. फसलेला माणूस बोलणी खाण्याच्या भीतीने गप्प बसला, तर त्या मौनाचा लाभ केवळ चोरालाच होतो.