काळोखातले पोपट

या सदराच्या जुन्या वाचकांना माझी एक खोड आता पाठ झाली असेल. घरातली कोणतीही वस्तू, मग तो पाणी तापवण्याचा तांब्याचा बंब असो, भिंतीवरचे घड्याळ असो, की जिच्यापायी मागे या सदरातला एक आख्खा लेख खर्ची पडला ती पिठाची हातगिरणी असो, पुरती निकामी झाल्याची स्वतः खातरजमा केल्यावाचून तिच्या जागी दुसरी येऊ द्यायची नाही, असा माझा शिरस्ता आहे. आणि या शिरस्त्याविरुद्ध घरच्या मंडळींनी वेळोवेळी गुदरलेल्या तक्रारींचे दफ्तर एव्हाना चांगलेच जाड झाले आहे. त्या दफ्तरात या आठवड्यात दूरचित्रवाणी संचाचे प्रकरण दाखल झाले. संच चालू केला की आवाज खणखणीत येई, निवेदक महाराष्ट्राच्या राजकारणाची नेहमीची कैफियत नेहमीच्याच त्वेषाने मांडत असे, पण पडदा मात्र काळा ठिक्कर. मला स्वतःला या व्यवस्थेत फारसे वावगे दिसले नाही, कारण बातम्या पाहण्यापेक्षा ऐकणे प्रकृतीला अधिक मानवते; परंतु माझे हे मत विचारात घेण्याची गरज कोणालाही वाटली नाही.

लगोलग फोनवरून सल्लामसलत सुरू झाली. पुण्याच्या चिरंजीवांनी “अण्णा, आता घ्यायचाच तर ओएलईडी घ्या,” असे फर्मान काढले. सूनबाईंनी मागून क्यूएलईडीची बाजू लावून धरली. आणि बीडला नोकरीस असलेल्या पुतण्याने, हे दोन्ही प्रकार आता मागे पडले असून मिनी एलईडीवाचून गत्यंतर नाही, असे सांगून वर एक व्यावहारिक मुद्दा जोडला की २२ सप्टेंबर २०२५ पासून बत्तीस इंचांहून मोठ्या संचांवरचा वस्तू व सेवा कर अठ्ठावीस टक्क्यांवरून अठरा टक्क्यांवर आला आहे, सबब उशीर करण्याचे कारण नाही. सौभाग्यवतींची अट एकच होती: मालिका साडेसातला लागते, त्याच्या आत काय ते करा. आमच्याच गेवराई तालुक्यातल्या राक्षसभुवनला पेशव्यांचा आणि निजामाचा निकाल १७६३ साली एका दिवसात लागला होता. आमच्या बैठकीतला हा वाद चार दिवस चालूनही तडीस जाईना, तेव्हा छत्रपती संभाजीनगरला जाऊन प्रत्यक्ष पाहणी करण्याची तजवीज झाली.

तिथल्या मोठ्या दुकानात जे पाहिले, त्याने माझे पित्त खवळले, आणि आजच्या लेखाचे खरे कारण तेच आहे. महागड्या संचांसाठी दुकानदाराने एक निराळी खोली केली होती, आणि त्या खोलीत ऐन दुपारी काळोख केला होता. पडदे ओढलेले, छताला काळा रंग, आणि त्या कृत्रिम रात्रीत चहूकडून पोपट. हिरवे, लाल, निळे, पिवळे पोपट. मधूनच एखादा धबधबा, मधूनच काळ्या पार्श्वभूमीवर उधळणारे रंगाचे फवारे, कापलेल्या डाळिंबाचे दाणे, आणि पुन्हा पोपट. प्रत्येक पोपटाचे पीस न् पीस मोजता यावे इतके स्पष्ट, यात शंका नाही. पण आजवर ज्या ज्या घरात मी संच पाहिला, त्या कोणत्याही घरात कोणी संध्याकाळी हातपाय धुऊन पोपट बघायला बसल्याचे मला आठवत नाही. आमच्याकडे पाहिल्या जातात त्या बातम्या, मालिका, कीर्तन, कापसाचे भाव, क्रिकेट, आणि दुपारच्या वेळी कोणीच पाहत नसताना चालू असलेला एखादा जुना चित्रपट. यांपैकी एकाही गोष्टीला त्या काळोख्या खोलीत प्रवेश नव्हता.

म्हणून मी तिथल्या तरुण विक्रेत्याला विनंती केली की बाबा रे, हे पक्षी क्षणभर उडवून लाव आणि एखादी मराठी वृत्तवाहिनी लावून दाखव. पोरगा अदबशीर होता, पण त्याच्या चेहऱ्यावर असा काही संकोच उमटला की जणू मी त्याला गल्ल्यातली रक्कम मोजून दाखवायला सांगितले.

“काका, ते नका बघू यात,” तो हलक्या आवाजात म्हणाला. “त्याच्यात क्लॅरिटी येत नाही.”

“मग माझ्या घरी कशात येणार?”

यावर त्याच्याकडे उत्तर नव्हते, आणि खरे सांगायचे तर ते त्याच्या मालकाकडेही नसणार. थोड्या आर्जवानंतर त्याने कुठूनशी केबलची तार जोडली, आणि लाखाच्या वर किंमत असलेल्या त्या पडद्यावर आमचा ओळखीचा निवेदक अवतरला. मेण वितळावे तसा त्याचा चेहरा गुळगुळीत झाला होता आणि खालच्या लाल पट्टीतली अक्षरे कडेला फुगली होती. यात संचाचा दोष नाही. हिशेब साधा आहे. ज्याला फोर-के म्हणतात त्या पडद्यावर आडवे ३,८४० आणि उभे २,१६० ठिपके असतात, म्हणजे सुमारे त्र्याऐंशी लाख. साध्या केबलवरून येणाऱ्या जुन्या धाटणीच्या चित्रात मुळात ७२० गुणिले ५७६, म्हणजे चार लाखांच्या थोडे वर. गुणोत्तर बरोबर वीसास एक. म्हणजे वीस ठिपक्यांमागे एक वाहिनीने धाडलेला आणि बाकीचे एकोणीस संचाने अदमासाने भरलेले. वीसांत एकोणीस वाटे अदमास असलेली जमाबंदी निजामाच्या राज्यातल्या तहसीलदारानेही मंजूर केली नसती.

आता या सगळ्या प्रकारांचा तपशील एकदा थोडक्यात सांगून टाकतो, म्हणजे कोणी अडवणूक केली तर वाचकाला तोंड देता येईल. एलईडी, क्यूएलईडी आणि मिनी एलईडी ही तिन्ही एकाच घराण्यातली: पुढे द्रवस्फटिकांचा पडदा, आणि त्याच्या मागे दिवे. पडदा स्वतः प्रकाशत नाही. तो फक्त मागचा उजेड ठिकठिकाणी अडवतो किंवा सोडतो. क्यूएलईडीत दिव्यापुढे अतिसूक्ष्म कणांचा एक थर असतो. कणाचा आकार बदलला की त्याच्या उजेडाचा रंग बदलतो, आणि या कणांच्या शोधासाठी बावेंडी, ब्रुस व येकिमॉव्ह या तिघांना २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. मिनी एलईडीत मागचे दिवे बारीक आणि पुष्कळ असतात, त्यामुळे चित्र जिथे काळे हवे तिथले दिवे मंद करता येतात. ओएलईडी मात्र निराळ्या कुळातली. तिच्यात मागे दिवा नाहीच. प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो आणि स्वतः विझतो, म्हणून तिचा काळा रंग खरोखरचा काळा. ज्या १९८७ साली आपण रविवारी सकाळी आंघोळी उरकून रामायणासाठी शेजाऱ्यांच्या ओसरीवर दाटीवाटीने बसत होतो, त्याच साली अमेरिकेत कोडॅक कंपनीच्या चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी या प्रकाराचा पाया घातला.

तर मग काळोखी खोली कशासाठी, हे आता ध्यानात येईल. ओएलईडीचे ऐश्वर्य अंधारात फुलते. आमच्या गेवराईच्या घराची बैठक पूर्वाभिमुख. सकाळी सहापासून दार उघडे, समोर रस्ता, येणारा-जाणारा उंबऱ्यावर टेकणार, उन्हाळ्यात तर उजेड भिंतीवरून उसळून डोळ्यांत येणार. अशा जागी खोल काळ्या रंगाचा उपयोग काय? तिथे पाहिजे ती मागच्या दिव्यांची भरपूर ताकद. शिवाय, ज्या घरात एकच वृत्तवाहिनी तासन्‌तास चालू असते, तिथे वाहिनीचे बोधचिन्ह, घड्याळ आणि ती लाल पट्टी एकाच जागी ठाण मांडून बसल्याने ओएलईडीच्या पडद्यावर त्यांचा कायमचा ठसा उमटण्याची भीती असते. कंपन्यांनी यावर उपाय योजले आहेत, पण आमच्या मराठी वृत्तवाहिन्या पडद्याच्या चारही कडा ज्या निष्ठेने व्यापून ठेवतात, त्या निष्ठेची कल्पना त्या कंपन्यांच्या अभियंत्यांना असेल असे वाटत नाही.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. आमच्याकडे कोणी संचासमोर मधोमध बसत नाही. एकजण बाजेवर, दोघे भिंतीला टेकून, एक उंबऱ्यात. एलईडी घराण्यातले पुष्कळसे पडदे समोरून झकास आणि कडेने पाहिले की फिक्कट पडतात. काही पडद्यांत हा दोष कमी, पण त्यांचा काळा रंग राखाडी. ओएलईडीला कडेचे वावडे नाही. त्या काळोख्या खोलीत विक्रेता मला पुनःपुन्हा दंड धरून मधोमध उभा करीत होता, त्याचे मर्म एलईडी घराण्याच्या या दोषातच होते.

खरेदी न करता परत आलो, त्याचा घरी जो सत्कार झाला तो इथे नमूद करीत नाही. दुसऱ्या दिवशी माझा नेहमीचा मेकॅनिक आला. त्याने संच लावला, आवाज ऐकला, खिडकी लोटून घेतली, आणि खिशातली बॅटरी काढून तिचा झोत काळ्या पडद्यावर तिरपा धरला. झोताच्या त्या वाटोळ्या उजेडात निवेदक दिसला! अंधुक, पण साक्षात. ओठ हलताहेत, हातवारे चालले आहेत. बॅटरी सरकवली की निवेदक नाहीसा, आणि त्या जागी खालची पट्टी धावताना दिसे. पडदा आणि दिवा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे काळोख्या खोलीतल्या एकाही फलकाने मला इतक्या चोखपणे समजावले नव्हते.

“पडदा चांगलाय गुरुजी, मागची बॅकलाइटची पट्टी गेलीय,” तो म्हणाला. “दोन हजाराच्या आत होतंय काम.”

“आणि ओएलईडी असता तर?”

“त्याला मागं दिवाच न्हाई, मग मी बदलू काय?”

हा मेकॅनिक ऐन उमेदीत काही वर्षे पैठण रस्त्यावरच्या चितेगावात, व्हिडिओकॉनच्या कारखान्यात कामाला होता, आणि पट्टी बदलता बदलता त्याने तिथल्या गोष्टी सुरू केल्या. मग मालिकेची वेळ टळून गेली तरी आम्ही दोघे तिथेच. तरुण वाचकांना कदाचित ठाऊक नसेल की आमच्या तालुक्याच्या उत्तर सीमेवरची गोदावरी ओलांडून पैठणवरून औरंगाबादच्या वाटेला लागले, की एके काळी देशभर घरोघरी गेलेले रंगीत संच जिथे तयार होत, ते ठिकाण लागे. वेस्टन, टेलिव्हिस्टा, डायनोरा, क्राउन, अपट्रॉन अशी परगावची नावे पुष्कळ होती; पण नंदलाल धूत यांच्या या कंपनीविषयी मराठवाड्याला आपलेपणा होता. संचाच्या खोक्यावर आपल्या जिल्ह्याशेजारचे नाव वाचताना वाटणारा अभिमान अन्य कोणत्या कारखानदारीने आम्हाला फारसा दिला नाही.

आणि निवड करणे किती अवघड, याचा मासलाही त्याच कंपनीने घालून दिला. २००५ साली तिने थॉमसन या फ्रेंच कंपनीचा चित्रनलिकांचा सगळा धंदा, पोलंड, इटली, मेक्सिको, चीन इथल्या कारखान्यांसह, विकत घेतला. चितेगावाशी नाते सांगणाऱ्या कंपनीने युरोपातले कारखाने घ्यावेत, याने त्या वेळी छाती फुगली होती. पण ती नलिका, म्हणजे पाठीला भलेमोठे पोट असलेल्या जुन्या संचातली काचेची नळी, तेव्हाच निरोपाच्या वाटेवर होती; पुढच्या थोड्याच वर्षांत सपाट पडद्याने तिला जगभर मागे टाकले. एकट्या नलिकेने कंपनी बुडाली असे म्हणणे अन्यायाचे होईल. तेल होते, दूरसंचार होता, कर्जाचे डोंगर होते, आणि २०१८ साली प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणापुढे गेले. तरीही ज्यांचा जन्म संच बनवण्यात गेला त्यांनाही पुढचा पडदा कोणता हे उमगले नाही, तिथे पुण्याहून फोनवर निकाल देणाऱ्या चिरंजीवांनी थोडा दम धरायला हरकत नाही.

मेकॅनिक सांगत होता की तयार झालेला संच खोक्यात जाण्याआधी तासन्‌तास चालू ठेवला जाई, आणि रात्रपाळीला त्या रांगाच्या रांगा पेटलेल्या पडद्यांवर एकच कार्यक्रम, आवाज बंद करून, चाललेला असे. त्याने ही गोष्ट पेचकस हातात धरून सांगितली, आणि मग बराच वेळ पट्टीचा स्क्रू कुठे गेला ते शोधत बसला.

संच आता चालू आहे, बिल अठराशे झाले, आणि ओएलईडीचा विषय दिवाळीपर्यंत तहकूब आहे. ज्यांना तोवर थांबणे नाही, त्यांनी दुकानात आपली रोजची वाहिनी लावायला सांगावी, खोलीतले दिवे लावून घ्यावेत आणि दोन पावले बाजूला सरकून पाहावे. मात्र गेवराई, पैठण, अंबड, शेवगाव या भागातल्या ज्या वाचकांनी चितेगावला काम केले असेल, किंवा ज्यांच्या माळ्यावर तिथला जुना पोटाळ संच अजून चालू स्थितीत असेल, त्यांनी मला दोन ओळी जरूर धाडाव्यात. पत्ता नेहमीचाच.