परातभर पाणी आणि वीस मिनिटांचे अवधान

केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने 2024 मध्ये जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ‘नवचेतना’ हा राष्ट्रीय आराखडा प्रसिद्ध केला. त्यात घरी, अंगणवाडीत व पाळणाघरात करता येण्याजोग्या 140 कृती वयानुसार मांडल्या आहेत. उपग्रह आणि अर्धवाहक यांच्या बातम्या आपण जितक्या आवडीने वाचतो, तितक्या आवडीने हा दस्तऐवज कोणी वाचला असेल असे वाटत नाही. माझ्या मते मात्र ती विज्ञानाचीच बातमी आहे. निसर्गाला प्रश्न विचारण्याची सवय शाळेच्या प्रयोगशाळेत लागत नाही. ती त्याच्या बऱ्याच आधी, घरातल्या परातभर पाण्यात हात घालताना लागते.

हे केवळ भावुक विधान नाही. 2009 मध्ये सुसान हेस्पोस व सहकाऱ्यांनी पाच महिन्यांच्या बाळांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. पेल्यातील द्रव हलताना पाहिलेल्या बाळांसमोर तसाच दिसणारा पदार्थ घनासारखा वागला, तेव्हा ती अधिक वेळ टक लावून पाहत राहिली. द्रव कसा वागावा याची काही अपेक्षा त्या वयातही असते, असा याचा अर्थ. 2015 मध्ये एमी स्टाल आणि लिसा फायगेन्सन यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात पुढचा दुवा मांडला. एखादी वस्तू भिंतीतून आरपार गेल्याचे भासले, तर अकरा महिन्यांची बाळे ती वस्तू आपटून पाहत. ती आधाराविना अधांतरी राहिल्याचे भासले, तर खाली टाकून पाहत. अपेक्षाभंग झाला की मूल त्या अपेक्षेचीच परीक्षा घेते. याहून निराळे आपण प्रयोगशाळेत तरी काय करतो?

आता दीड-दोन वर्षांच्या मुलापुढे जमिनीवर एक परात ठेवा. तीत दोन लिटर स्वच्छ, कोमट पाणी. सोबत स्टीलची वाटी, स्टीलचाच चमचा, चहाची गाळणी, एक फुलपात्र आणि स्पंजचा मोठा तुकडा. वाटी अलगद ठेवली तर तरंगते, चमचा मात्र बुडतो. धातू एकच, वागणूक दोन. वाटीच्या पोकळ आकारामुळे ती स्वतःच्या वजनाइतके पाणी बाजूला सारू शकते. चमच्याला ते जमत नाही. मुलाने वाटीत पाणी ओतले की तीही तळ गाठते. गाळणीत पाणी ठरत नाही, स्पंजात ठरते, आणि मूठ आवळली की बाहेर येते. यातले आर्किमिडीज मुलाला सांगण्याची मुळीच गरज नाही. उंच फुलपात्रातले पाणी पसरट वाटीत ओतले तरी तेवढेच राहते, हेही त्याला इतक्यात पटणार नाही. पियाजेच्या निरीक्षणानुसार ही समज साधारण सहा-सात वर्षांच्या सुमारास स्थिरावते. पण ती समज कोरड्या पाटीवर उमटत नाही. तिच्यामागे शेकडो वेळा ओतलेले आणि सांडलेले पाणी असते.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. पाण्याशी खेळल्याने बुद्ध्यंक वाढतो असे मी म्हणत नाही. तशी आश्वासने देणारे ‘सेन्सरी किट’ मात्र बाजारात मुबलक आहेत. विज्ञानाच्या वाचकाने त्यांच्याकडे पुरावा मागावा. काही संचांत पाणी शोषून फुगणारे रंगीत मणी असतात. ते गिळले गेल्यास पोटातही फुगतात आणि आतड्यात अडकू शकतात. लहान मुलाच्या घरात त्यांना थारा देऊ नये. परातीतल्या वस्तू घासून झाल्या की पुन्हा मांडणीवर जातात, हाच त्यांचा मोठेपणा.

या खेळावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला आक्षेप जिवाच्या धोक्याचा. आपल्या देशात 2022 मध्ये 38 हजारांहून अधिक माणसे बुडून मृत्युमुखी पडली, आणि एक ते चार वर्षांच्या मुलांमध्ये बुडणे हे जगभर मृत्यूच्या प्रमुख कारणांपैकी एक आहे. लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड असते; तोल गेल्यावर त्याला सावरता येत नाही, आणि ते बुडताना बहुधा ओरडतही नाही. त्यासाठी दोन इंच पाणीही पुरते. म्हणून नियम एकच, त्याला अपवाद नाही: मोठे माणूस हाताच्या अंतरावर बसलेले असावे. दाराची घंटा वाजली तर मुलाला उचलून न्यावे. खेळ संपताच परात रिकामी करावी. पाणी हवेच्या वीसपटीहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेते, त्यामुळे मूल लवकर गारठते. वीस मिनिटे पुरेशी आहेत.

दुसरा आक्षेप पाण्याच्या टंचाईचा. जल जीवन मिशनचे उद्दिष्ट माणशी रोज 55 लिटर आहे, आणि अनेक घरांत आजही पाणी डोक्यावरून येते. तेथे पाण्याशी खेळा असे सांगणे उर्मटपणाचे ठरेल, जर खेळ म्हणजे वाहता नळ असेल तर. दोन लिटर पाणी खेळून झाल्यावर कुंडीला किंवा फरशी पुसायला जाते. त्यात साबण वा रंग मिसळू नये. मूल ते पाणी पिणार हे गृहीत धरावे.

पण मला खरी टंचाई दिसते ती अवधानाची. मूल सुरक्षित ठेवणारी आणि त्याला शिकवणारी गोष्ट एकच आहे: शेजारी बसून, मोबाइल बाजूला ठेवून पाहणारे माणूस. ‘बुडाला’, ‘सांडले’, ‘आणखी ओतू?’ हे शब्द मुलाला त्याच क्षणी हवे असतात. दोन वर्षांखालील मुलांना पडदा देऊ नये, असे भारतीय बालरोगतज्ज्ञ अकादमी सांगते. मग त्या वेळात मुलाजवळ बसायचे कोणी? 2024 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार 15 ते 59 वयोगटातील 41 टक्के स्त्रिया घरातल्यांच्या देखभालीत सहभागी होत्या, पुरुष जेमतेम 21. स्त्रिया त्यावर दिवसाला 140 मिनिटे देत होत्या, पुरुष 74. ‘नवचेतना’तील 140 कृती पुन्हा त्याच आईच्या पदरात टाकल्या, तर आराखडा कागदावर उत्तम राहील. वडील, आजोबा, मोठी भावंडे आणि पुरेशी मनुष्यबळाची पाळणाघरे यांच्याविना तो घरात उतरणार नाही.

विद्यार्थीमित्रहो, दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलात आणि तेथे एखादे दुडदुडणारे भाचरू असेल, तर परात तुम्ही मांडा. त्याची आई वीस मिनिटे निवांत चहा पिईल. तुम्ही काही शिकवू नका. फक्त हाताच्या अंतरावर बसा आणि पाहा. चमचा सातव्यांदा बुडाला तरी आठव्यांदा तो टाकून पाहणारा संशोधक तुमच्यासमोर असेल.

#बालविज्ञान #नवचेतना