बोचकं

परवा रविवारी देहूच्या घरी माळा आवरताना आजीचं चिंध्यांचं बोचकं सापडलं. कचऱ्यात टाकणार, तेवढ्यात आजी ओरडली, "ठेव ते! गोधडीला होतील."

आजीची गोधडी म्हणजे वर-खाली जुनं लुगडं, मध्ये जुन्या कपड्यांचे थर आणि सगळ्यावर धावदोरा. त्यातूनही उरलेले तुकडे पुढे ठिगळांना.

गाडगेबाबांना (१८७६-१९५६) त्यांच्या चिंध्यांच्या गोधडीवरून लोक गोधडे महाराज म्हणायचे. आमच्या देहूतही त्यांनी धर्मशाळा बांधली. त्यांनी चिंध्या अंगावर वापरल्या, माळ्यावर नाही ठेवल्या.

इथेच आपली गल्लत होते. माझ्या कपाटात कंपन्यांचे अकरा टी-शर्ट 'कधीतरी लागतील' म्हणून पडलेत. जुना कोड आपण कॉमेंट करून ठेवतो ना, तसंच. पुन्हा कोण बघतं? मला विचाराल तर याला बचत म्हणू नये, ही नुसती अडगळ. चिंधी वाचते ती टाका घातल्यावरच.

पण आजीला आता सुईत दोरा ओवता येत नाही, आणि घरात दुसऱ्या कुणाला गोधडी येत नाही. म्हणजे बोचकं राहील, गोधडी जाईल.

म्हणून पुढच्या शनिवारी दोरा मी ओवणार, टाका ती शिकवणार. वाकडा आला तर येऊ दे :)